नाव सोपे हवे, पण कुणाच्या जिभेला?

कार्डिफ बे हा वेल्समधल्या कार्डिफ शहराचा जुना बंदराचा भाग. एके काळी वेल्सच्या खाणींतला कोळसा इथून जगभर जायचा. आज तिथे वेल्सची विधानसभा, म्हणजे सेनेद, आहे आणि तिच्या जवळच एक प्रशस्त मोकळा चौक आहे. त्याचे नाव रोआल्ड डाल प्लास. नॉर्वेजियन भाषेत 'प्लास' म्हणजे चौक. लहान मुलांचे लाडके लेखक रोआल्ड डाल १३ सप्टेंबर १९१६ रोजी याच शहराच्या लँडाफ भागात जन्मले. आईवडील दोघेही नॉर्वेचे. वडिलांचा बंदरातल्या जहाजांशी निगडित व्यवसाय होता, तो चांगला चालला होता, आणि घर इंग्रजी बोलणाऱ्या शेजारात होते. मुलाला जॉर्ज किंवा विल्यम म्हटले असते तर शाळेपासून दुकानापर्यंत सगळ्यांचीच सोय झाली असती. आईवडिलांनी नाव ठेवले रोआल्ड, कारण १९११च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेला त्यांचा देशबांधव रोआल्ड आमुनसेन होता. बाळाचा बाप्तिस्माही बंदरातल्या नॉर्वेजियन खलाशांच्या चर्चमध्ये झाला. इंग्रजी वाचक ते नाव आजही नॉर्वेतल्यासारखे उच्चारत नाहीत. तरीही ते जगभर पोहोचले आणि शेवटी शहरातल्या एका मोक्याच्या जागेला लागले.

याच कार्डिफमध्ये आता मराठी घरे आहेत. कुणी रुग्णालयात, कुणी विद्यापीठात, कुणी संगणकाच्या कामात. घरात बाळाची चाहूल लागली की नावांची यादी सुरू होते, आणि त्या चर्चेत एक शब्द हमखास येतो, 'इंटरनॅशनल'. नाव इंटरनॅशनल हवे. मग यादीत सोफिया येते, लूना येते, आल्बा, इसाबेल, मिया, मातेओ, लिओ, लुका येतात. मराठी म्हणून टिकतात त्या माया, मीरा, कियारा आणि आर्या. निकष ठरलेले असतात. नाव दोन-तीन अक्षरांचे हवे, त्यात ळ नको, ण नको, ज्ञ तर नकोच, 'थ' आणि 'ध' टाळलेले बरे. इंग्रजी स्पेलिंग एका दमात सांगता आले पाहिजे आणि हजेरी घेताना शिक्षक अडखळता कामा नये. पुण्यामुंबईतही हीच यादी फिरते, त्यामुळे दोष एकट्या परदेशस्थांचा नाही. लूना, मातेओ अशा स्पॅनिश वळणाच्या नावांवर माझा राग नाही, त्यांतली कित्येक फार सुंदर आहेत. माझा आक्षेप निकषावर आहे. परक्याच्या जिभेला किती सोपे जाईल, या मापाने नाव निवडणे मला चुकीचे वाटते. कोणतेही नाव मुळात आंतरराष्ट्रीय नसते. ज्यांचे ते असते, ती माणसे ते संकोच न करता बरोबर घेऊन फिरतात आणि जगाला त्याची सवय होते.

ज्यांना आज आपण आंतरराष्ट्रीय म्हणतो, त्या नावांची कुळकथा पाहा. सोफिया ग्रीक आहे; अर्थ शहाणपण, म्हणजे आपली प्रज्ञा. इसाबेल हे एलिझाबेथचे स्पेनकडचे रूप, आणि एलिझाबेथ आले हिब्रू एलिशेवापासून. मातेओही हिब्रूच. ही नावे सोपी होती म्हणून पसरली नाहीत. चर्चने, व्यापाऱ्यांनी, सैन्यांनी आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी ती सोळाशे-सतराशे वर्षे खंडोखंडी वाहून नेली. आज इंटरनॅशनल या शब्दाखाली आपण जे निवडतो, ते बहुतेक वेळा युरोपातल्या संतांच्या पंचांगातले नाव असते. कियाराचे उदाहरण तर बोलके आहे. इटालियन 'कियारा' म्हणजे उजळ, स्वच्छ. तिच्याशी मिळतेजुळते आयरिश 'किआरा' म्हणजे काळीसावळी. आपल्याकडे ते नाव रुळले ते या दोन्ही अर्थांमुळे नव्हे, तर २०१० सालच्या 'अंजाना अंजानी' या हिंदी चित्रपटातल्या नायिकेमुळे आणि पुढे तेच नाव घेतलेल्या अभिनेत्रीमुळे. आणि सोपेपणाच्याच गोष्टी करायच्या तर हेही लक्षात घ्यावे की इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ साली जन्मलेल्या मुलग्यांत सर्वाधिक ठेवले गेलेले नाव मुहम्मद होते. ते ठेवणाऱ्या आईवडिलांनी शेजाऱ्याच्या जिभेचा विचार केला नव्हता.

दुसरे उदाहरण खुद्द वेल्सचे. डिलन हे नाव वेल्सच्या मध्ययुगीन 'मॅबिनोगियन' कथांतल्या एका पात्राचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते माणसाचे नाव म्हणून जवळपास कुणी ठेवत नसे. १९१४ साली स्वान्सीमधल्या एका इंग्रजीच्या शिक्षकाने ते आपल्या मुलाला दिले. मुलाच्या आईला धास्ती होती, कारण वेल्श उच्चार 'डलन'च्या जवळ जातो आणि इंग्रजीत 'डल' म्हणजे मठ्ठ; पोरे चिडवतील असे तिला वाटे. तो मुलगा म्हणजे कवी डिलन थॉमस. १९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट झिमरमन नावाच्या तरुण गायकाने कायदेशीररीत्या बॉब डिलन हे नाव घेतले. आज डिलन नावाची मुले अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, आयर्लंडमध्ये आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना ते वेल्श आहे हेही माहीत नसेल. त्या आईच्या भीतीत आणि कार्डिफमधल्या मराठी आईच्या भीतीत काहीच फरक नाही. त्या घराने ती भीती ऐकून घेतली आणि तरीही नाव बदलले नाही.

वेल्समध्ये राहून नावाबद्दल संकोच करावा, याचे मला म्हणूनच अधिक वाईट वाटते. २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे लोक ५ लाख ३८ हजार भरले, लोकसंख्येच्या १७.८ टक्के. आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी ही भाषा. तिने एकोणिसाव्या शतकात 'वेल्श नॉट' सोसले आहे. शाळेत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचा आणि त्याने तो पुढच्या अपराध्याकडे सरकवायचा, अशी ती शिक्षा. त्या काळात घरी जो इएवान होता तो कागदावर जॉन व्हायचा. आज त्याच देशात मुलांची नावे ल्लीर, ग्वेन्ल्लियन, आंगहारद, फिऑन अशी ठेवली जातात. यातला 'ल्ल' लिहायला दोनदा एल असतो, पण तो आपला ल नव्हे. जीभ ल म्हणायच्या जागी टेकवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडायची, तेव्हा तो उमटतो. लंडनहून आलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी जमत नाही. म्हणून आंगहारदचे ॲना करावे असे तिच्या आईला वाटत नाही, आणि कार्डिफच्या शाळांतले शिक्षक ती नावे रोज हजेरीत घेतात. एप्रिल २०२३मध्ये कार्डिफच्या उत्तरेकडच्या राष्ट्रीय उद्यानाने 'ब्रेकन बीकन्स' हे इंग्रजी नाव बाजूला ठेवून 'बान्नाय ब्रिखेनियोग' हे वेल्श नाव पुढे केले. पर्यटकांना म्हणता येणार नाही, अशी ओरड झाली, नाव राहिले. २०११च्या जनगणनेप्रमाणे भारतात मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत. साडेपाच लाखांची भाषा जगाला आपला उच्चार शिकायला लावते आणि आठ कोटींची भाषा स्वतःचा ळ काढून ठेवते, हे मला बरोबर वाटत नाही.

स्पॅनिश नावांकडे वळू. ती या मुलखाला नवी नाहीत. दक्षिण वेल्समधल्या डाउलेस इथल्या लोखंडाच्या कारखान्यात स्पेनच्या बिल्बाओकडचे खनिज यायचे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या वाटेने स्पॅनिश कामगारांची कुटुंबेही आली. स्पेनच्या यादवी युद्धात बास्क प्रदेशातल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले, त्यानंतर मे १९३७मध्ये 'हबाना' जहाजातून सुमारे चार हजार बास्क मुले साउथॅम्प्टनला उतरली. त्यांतल्या काहींना न्यूपोर्टजवळच्या कार्लिऑन गावातल्या केंब्रिया हाउसमध्ये आसरा मिळाला. ही मुले ज्या देशातून आली, तिथे पुढच्याच वर्षी, १९३८ साली, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने फर्मान काढले की मुलांची नावे कॅस्टिलियन स्पॅनिशमध्येच नोंदवायची. बास्क आणि कॅटलन नावांना बंदी. मुलाला बास्क रूपात शाबिएर म्हणायचे असले तरी कागदावर हावियेरच लिहावे लागे. १९७७च्या कायद्याने ही सक्ती उठली. अटलांटिकपलीकडे तेच झाले. १८६५ साली 'मिमोसा' जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसे अर्जेंटिनात पातागोनियाला गेली, ती स्वतःची भाषा जपता यावी म्हणून. १९४३ साली तिथल्या सरकारने नावे स्पॅनिशमध्ये असावीत असा हुकूम काढला आणि भाषेसाठी घर सोडलेल्यांच्या वंशजांना मुलांची वेल्श नावे नोंदवणे अवघड होऊन बसले. आपण ज्या नावांकडे सोयीची, हलकीफुलकी, कुणाचीच नसलेली नावे म्हणून पाहतो, त्यांच्यासाठी आणि त्यांच्याविरुद्ध माणसांनी इतके सोसले आहे. बास्क आईबापांवर सरकारने जबरदस्ती केली होती. आपल्यावर कुणी केलेली नाही. आपण आपणहून करतो.

हावियेर या नावापाशी थोडे थांबू, कारण त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. मूळ बास्क शब्द 'एत्शे बेरी', म्हणजे नवे घर. आपल्याकडचे नवघरे आडनाव आठवावे. नवार प्रांतातल्या हावियेर गावच्या गढीत १५०६ साली ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर जन्मला, १५४२ साली गोव्यात उतरला, आणि त्याचे नाव मुंबईच्या कॉलेजापासून गोव्याच्या घराघरापर्यंत पसरले. त्या इतिहासात धर्मांतराबरोबर बदललेली नावेही आहेत, हे विसरता येत नाही. पण पुढे काय झाले तेही पाहावे. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. तिथल्या ख्रिस्ती मराठी समाजात लोपीस, परेरा, फर्नांडिस ही आडनावे आजही आहेत. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दिब्रिटो हे आडनाव पोर्तुगीज आहे म्हणून त्यांची मराठी कमी अस्सल ठरली नाही. इबेरियन नावे मराठी झाली आहेत. कुणाच्या सोयीसाठी नाही, माणसे त्या नावांनिशी मराठीत जगली म्हणून.

आणखी एक साम्य मला फार मोलाचे वाटते. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, लोपीस म्हणजे लोपेचा. स्पॅनिशमधले 'एथ' आणि पोर्तुगीजमधले 'एस' हे शेपूट बापाचे नाव सांगते. वेल्शमध्ये त्यासाठी 'आप' होते: रीसचा मुलगा तो आप रीस, हवेलचा तो आप हवेल. सोळाव्या शतकात इंग्लंडचा कायदा वेल्सला लागू झाल्यावर हळूहळू ही साखळी गोठली. आप रीसचे प्राइस झाले, आप हवेलचे पॉवेल. गेल्या शतकात काही घरांनी ती पुन्हा जिवंत केली, म्हणून प्लाइड कम्री पक्षाचे नेते आज रीन आप योरवर्थ असे नाव लावतात. आपले मधले नाव हेच काम करते, आणि ब्रिटनमध्ये गेल्यावर आपण ते सर्वांत आधी गाळतो. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडचे, एक आईकडचे. २०१७पासून वडिलांचेच आधी लिहायचे हा नियमही तिथे उरलेला नाही. महाराष्ट्रानेही १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम लावला. स्पॅनिशकडून खरोखर काही घ्यायचे असेल तर हे घेण्यासारखे आहे. लूना हा शब्द उचलण्यापेक्षा आईचे नाव कागदावर ठेवण्याची रीत उचलली तर मुलीच्या हाती अधिक काही येईल.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासाचाच. मराठी माणसाने नावे कायम उसनी घेतली, मग आताच सोवळेपणा का? आक्षेप खरा आहे आणि मला तो प्रिय आहे. शहाजी हे नाव अहमदनगरच्या शाह शरीफ पीरावरून आले असे परंपरा सांगते. दौलतराव, हैबतराव, गुलाबराव यांतले शब्द अरबी-फारसी. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेपुढे चाकणचा किल्ला जवळपास दोन महिने लढवणारा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. आणि 'फिरंग' हा शब्द तर युरोपातल्या फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. पण त्या नावांचे काय झाले ते ऐका. शाहला 'जी' लागला, दौलतला 'राव' लागला, फिरंग 'फिरंगोजी' झाला. पाहुणा शब्द घरात आला, त्याने घरचे कपडे घातले आणि तो घरचा झाला. आजच्या यादीत उलटे होते. आर्याचे स्पेलिंग परक्या वळणाने केले जाते, अनिकेतचा 'निक' आधीच ठरवून ठेवतात, आणि ज्ञानदा, मृण्मयी, निळू यांना दारातूनच परत पाठवले जाते. उसने घेण्याला माझी हरकत नाही. घेतलेले आपल्या तोंडी वळले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो पोटापाण्याचा आहे. नावावरून नोकरीत डावलतात, हे खरे आहे. ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला ९ अर्जांमागे एक होकारार्थी उत्तर मिळाले, अल्पसंख्याक वाटणाऱ्या नावाला १६ अर्जांमागे. दहा वर्षांनी, २०१९ साली, ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजच्या अभ्यासकांनी तसाच प्रयोग केला. फरक साठ टक्के अधिक अर्जांचा निघाला. म्हणजे दहा वर्षांत फार काही सुधारले नाही. अशा परिस्थितीत एखाद्या बापाने मुलीसाठी वाट सोपी करू पाहिली तर त्याला भित्रा म्हणायची माझी तयारी नाही. पण हिशेब नीट मांडला पाहिजे. अर्जावर लूना लिहिले तरी पुढे कुलकर्णी, जाधव, कांबळे राहतेच. या प्रयोगांत अर्ज पूर्ण नावांनिशी गेले होते, आणि भेदभाव करणारा आडनाव वाचून करतो, मुलाखतीत चेहरा पाहून करतो. पहिले नाव बदलून त्याला रोखता येत नाही. मग आडनावही बदलायचे का? हा रस्ता कुठे थांबतो ते कुणी सांगत नाही. हा दोष अर्ज चाळणाऱ्याचा आहे. त्यावर उपाय म्हणजे नाव झाकून अर्ज तपासण्याची पद्धत आणि ती मोडणाऱ्याला जाब. त्यासाठी भांडावे. बाळाने जन्मल्याबरोबर त्याचे दाम मोजायची गरज नाही.

तिसरा आक्षेप असा, की तत्त्व आईबापांचे आणि त्रास मुलाचा. वर्गात रोज नाव चुकीचे घेतले जाते, कॉफीच्या कपावर भलतेच लिहिले जाते, आणि कंटाळून मूल स्वतःच एखादे तोकडे नाव पत्करते. हे होते, आणि त्याकडे दुर्लक्ष करणारा पालक निष्ठुर ठरेल. मराठी नाव म्हणून पाच जोडाक्षरांचा संस्कृत समास मुलाच्या माथी मारावा असे मी मुळीच म्हणत नाही. रमा, ओवी, निळू, ईशान, मुक्ता, केदार, अशी सुटसुटीत नावे आपल्याकडे मुबलक आहेत. पण सोपे-अवघड हे नावात थोडेच असते, ते कानाच्या सवयीत असते. श्वार्झेनेगर हे आडनाव जगाने शिकून घेतले, कारण ते पुन्हापुन्हा कानावर पडले. ब्रिटनला ऑक्टोबर २०२२ ते जुलै २०२४ ऋषी नावाचा पंतप्रधान होता. त्या नावाचा पहिला स्वर इंग्रजीत नाहीच, तरी वृत्तनिवेदकांना ते घ्यावेच लागले. वर्गात आंगहारद म्हणायला शिकलेल्या शिक्षिकेला मुक्ता म्हणायला आठवडा लागणार नाही, फक्त मुक्ताच्या आईने पहिल्याच दिवशी हसून 'काहीही म्हणा, चालेल' असे म्हणता कामा नये. शांतपणे दोनदा उच्चार करून दाखवावा. मूल ते पाहत असते.

नाव नक्की करण्याआधी ते कुठल्या भाषेत वाईट तर नाही ना, हे शोधण्याचाही आता प्रघात पडला आहे. स्पॅनिशपुरते पाहिले तर गंमत वाटावी असे निष्कर्ष निघतात. 'लाता' म्हणजे पत्र्याचा डबा, 'इरा' म्हणजे संताप, 'माला' म्हणजे वाईट, 'सिमा' म्हणजे खोल विवर, 'मिरा' म्हणजे 'बघ!'. म्हणून लता, इरा, माला, सीमा आणि मीरा ही नावे टाकून द्यायची का? उलट बाजूने पाहा. स्पॅनिश बायकांचे 'सोल' हे नाव म्हणजे सूर्य, 'मार' म्हणजे समुद्र. आपल्या कानाला ते सोलणे आणि मारणे ऐकू येते. सारा म्हटले की शेतसारा आठवतो. माद्रिदमधली कोणतीही आई सोल नाव ठेवण्याआधी ते मराठीत कसे ऐकू येते याची चौकशी करत नाही, आणि तिने का करावी? सगळ्या भाषांच्या चाळणीतून पार पडलेले नाव शोधायला गेलो तर हाती उरेल ते कुणालाच काही न सांगणारे दोन स्वर आणि एक व्यंजन.

यात एक घर मी बाजूला ठेवतो. आई मराठी आणि वडील स्पेनचे, किंवा मेक्सिकोचे, किंवा उलट, अशी घरे आता आहेत. तिथे कार्मेन किंवा पिलार हे नाव आंतरराष्ट्रीय नसते, ते पलीकडच्या आजीचे असते. त्यामागे माणूस आहे, गाव आहे, सांगायला गोष्ट आहे. एखाद्या मराठी जोडप्याने स्पॅनिश नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्काची नाटके वाचून, त्या भाषेत रमून, मुलाला फेदेरिको म्हटले तरी मला ते पटेल. डाल कुटुंबाने आमुनसेनसाठी केले ते याहून वेगळे नव्हते. नाव कुठून घेतले, या प्रश्नाला उत्तर असले म्हणजे झाले. 'शिक्षकांना बरे पडेल म्हणून' हे उत्तर मोठ्या झालेल्या मुलीला देताना आईबापांनाच जड जाईल.

नाव ही माणसाला मिळणारी पहिली वस्तू आणि ती दुसऱ्याने दिलेली असते, म्हणून तीत देणाऱ्याची नजर उतरते. सातारा जिल्ह्यात मुलगी नको म्हणून 'नकोशी' नाव लावलेल्या २८५ मुलींना ऑक्टोबर २०११मध्ये जाहीर समारंभात नवी नावे दिली गेली. त्या मुलींनी तोवर रोज हजेरीत स्वतःबद्दलचे घराचे मत ऐकले होते. कार्डिफमधल्या लाडाकोडात वाढणाऱ्या बाळाची त्यांच्याशी तुलना करणे अन्यायाचे होईल, आणि ती मी करत नाही. पण नावातून घराचे मत मुलाच्या कानी पडते, एवढे तर साताऱ्याने दाखवले. आपली भाषा इतरांना अडचणीची होते, ती आत ठेवलेली बरी, हेही एक मतच आहे, आणि तेही कानी पडते.

बाराव्या दिवशी पाळण्याशी वाकून आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. परदेशात ती आत्या पुष्कळदा फोनच्या पडद्यावर असते, पण रीत टिकून आहे याचा मला आनंद आहे. त्या क्षणी नाव मराठीतून उच्चारले जाते, आणि पुढे घरात त्याला विभक्ती लागते, ते लाडाने आखूड होते, रागाने लांबते. जे नाव आजीच्या तोंडी असे वळते ते मराठी, मग त्याचे मूळ वेरूळला असो की बिल्बाओला. कार्डिफमध्ये जन्माची नोंद करायला ४२ दिवस मिळतात. वेल्समध्ये ती नोंद वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत करता येते. देवनागरीला त्या नोंदवहीत जागा नाही, ती घरातच करावी लागेल. तेव्हा कार्यालयात जाण्याआधी ठरवलेले नाव एकदा कागदावर देवनागरीत लिहा, आणि साताऱ्याला, नागपूरला, जिथे कुठे असेल तिथे, आजीला फोन लावून ते नाव घेऊन बाळाला मोठ्याने हाक मारायला सांगा.